बाथरूममधला बर्मीज दिवा

यज्ञेश्वर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले रंगीत काचेचे दिवे जमवायचा. घरातले सगळे दिवे अस्सल आहेत असं त्याचं मत होतं, आणि दुसरं मत तो घेत नसे.

धायरीला हेमाला बघायला गेला, तर पोहे यायच्या आतच ती त्याला आवडली. आता आपणही तिला आवडायला हवं, आणि त्यासाठी त्याच्याकडे दिव्यांखेरीज काही नव्हतं. सुदैवाने शोकेसमध्ये एक दिवा होता. खाली पिवळसर, वर गुलाबी होत गेलेला.

"बर्मीज ग्लास," यज्ञेश्वर म्हणाला. "विलायती."

"बर्मीज की विलायती, काय ते एक ठरवा," हेमाचे वडील दिगंबरपंत म्हणाले. "आम्ही तुळशीबागेतून आणलाय."

बर्मीज हे काचेचं नुसतं नाव. अस्सल बर्मीज काचेत युरेनियम असतं. अंधारात अतिनील किरणांच्या जांभळ्या बॅटरीखाली ती हिरवी चमकते. मुलगी बघायला जाताना लोक रुमाल नेतात, यज्ञेश्वरने बॅटरी नेली होती. अंधार मात्र भर दुपारी त्या फ्लॅटमध्ये फक्त बाथरूममध्ये होता. मग पालथ्या बादलीवर दिवा ठेवून मुलगा, मुलगी आणि मुलीचे वडील गीझरखाली दाटीवाटीने उभे राहिले. दिगंबरपंतांनी दार लावलं.

यज्ञेश्वरने बॅटरी लावली. दिवा ढिम्म. त्याचा ठेवणीतला पांढरा शर्ट मात्र निळाशार पेटला.

"दिवा राहिला बाजूला, आपणच उजळलात," दिगंबरपंत म्हणाले.

यज्ञेश्वर ओशाळून हसला. तिथे चुकलं. त्या उजेडात खरे दात चमकतात, बसवलेला काळा दिसतो.

"तुमचा पुढचा दात कुठे गेला?" हेमाने विचारलं.

कॉलेजात असताना एक दिवा डोक्यावर धरून तो खालून कारखान्याचा शिक्का शोधत होता. दिवा निसटला.

"स्थळाच्या माहितीत हे नव्हतं," दिगंबरपंत म्हणाले.

"उंची विचारली होती. दात नव्हते विचारले."

"तो दिवा तरी अस्सल होता?" हेमा.

यज्ञेश्वरने बॅटरी विझवली. "पितळी बुडावर मुरादाबाद लिहिलं होतं."

"आणि घरातले?"

"त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणून मी अस्सल म्हणतो. मला त्यातलं फारसं कळत नाही."

"बाबा, माझा होकार आहे," हेमा म्हणाली.

"अगं, बाहेर जाऊन ठरव की."

"नको. बाहेर गेले की हे पुन्हा तज्ज्ञ होतील."