ठणठणीत

"हनुवटी इथे टेका, मावशी. खांदे पुढे. आता श्वास भरून घ्या आणि रोखून धरा."

एक्स-रे काढणाऱ्या मुलीने सांगितलं तशी तिने गार पाट्याला छाती लावली. श्वास मात्र अर्धाच घेतला.

"पुरा घ्या. नाहीतर पुन्हा काढावा लागेल."

तिने पुरा घेतला.

लेक परदेशात सातव्या महिन्यात होती, आणि तिला पलंगावरून उठायचीही बंदी होती. जावई रात्रपाळीला. तुम्ही दोघंही कायमचे इकडेच या, असा लेकीने धोशा लावला, म्हणून नवराबायकोने हौसेने अर्ज केले. मग गेल्या आठवड्यात त्या अर्जासाठी नवऱ्याची तपासणी झाली आणि त्याची मूत्रपिंडं थकलेली निघाली.

"ज्याच्या उपचारांचा भार तिथल्या सरकारवर पडेल त्याला ते घेत नाहीत," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "तुमचा अर्ज वेगळा आहे. तुम्हाला जाता येईल."

इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हापासून ती स्वतःच्या अंगात एखादं दुखणं शोधत होती.

आज डॉक्टरांनी तिला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं. जन्मभर शिवणकाम केलेले डोळे. शेवटची ओळ तिला दारातूनच दिसली होती. तिने चार अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली.

"चष्म्यावरून कोणाला अडवत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"मला दमही लागतो. जिना चढवत नाही."

"लिफ्ट बंद आहे. तीन मजले चढूनच आलात ना?"

डॉक्टरांनी तिची छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि नळी गळ्यात टाकली.

"इथे येणारा प्रत्येक जण दुखणं लपवतो. मागून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"काहीतरी लिहा ना, डॉक्टर. त्यांना एकटं टाकून कशी जाऊ?"

तिच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा डॉक्टरांनी फार सावकाश सोडवला.

"तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले. शिक्षा सुनावावी तसे.

बाहेर बाकावर नवरा तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"काय म्हणाले?"

"माझ्या हृदयात खोट आहे म्हणे. मलाही सोडणार नाहीत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं.

"पोरीला आत्ताच फोन केला होता," तो म्हणाला. "तू येतेस म्हणून सांगितलं. रडायलाच लागली बिचारी. म्हणाली, आता भीती नाही वाटत."

"मला विचारलं असतं तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

ते जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली. कठडा धरून तो थांबला, तशी तीही एक पायरी खाली थांबली.

"भाताला पाणी किती घालतात गं?" त्याने विचारलं.

तिला वाटलं, आपण ऐकलंच नाही असं दाखवावं. खालून कोणीतरी वर येत होतं. त्यांना वाट द्यायला ती भिंतीला टेकली.

"तांदळाच्या दुप्पट," ती शेवटी म्हणाली. "आधी धुऊन घ्यायचे."

"आणि मीठ?"

"तुम्ही मीठ घालायचं नाही."

त्याने मान हलवली, आणि शिकवलेलं विसरू नये म्हणून ओठांतल्या ओठांत पुटपुटत तो पुढची पायरी उतरला.