हिरालालफोटो डॉट इन

मी एक पत्ता बोलतोय. पोस्टमनला मी सापडणार नाही. मी संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर राहतो. आधी माझ्या मालकाचं नाव नि धंदा, आणि शेवटी आडनावासारखं लागलेलं ‘डॉट इन’. तेवढ्यावरून जगाला कळतं, की मी भारतातला आहे.

माझा जन्म २०१२ च्या एप्रिलात जवाहरनगरला, दारूगोळा फॅक्टरीच्या वसाहतीतल्या बाजारात झाला, हिरालाल रामटेके यांच्या फोटो स्टुडिओत. त्या दुपारी प्रतिक्षा नावाची मुलगी भंडाऱ्याहून बसनं आली होती. लहान दुकानदारांना ‘डॉट इन’चे पत्ते घ्यायला लावायचे, हे तिचं काम. पहिलं वर्ष फुकट. तरी सकाळपासून किराणावाल्यानं, शिंप्यानं आणि सायकलवाल्यानं तिला हात जोडून वाटेला लावलं होतं.

“मले कायले पाहिजे पत्ता?” हिरालाल म्हणाले. “सारी कॉलनी ओळखते मले.”

“काका, डॉट कॉम साऱ्या दुनियेचं. डॉट इन म्हटलं का आपल्या देशातलं दुकान. गिऱ्हाईक भरोसा ठेवते,” तिनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

“पासपोर्टचा फोटो काढाले पुण्याचा माणूस इथं येईन का?”

हिरालालांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, तिला पाणी दिलं. पिता पिता तिची नजर कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीकडे गेली. त्यात काय आहे, असं तिनं विचारलं.

“लोकायनं न नेलेले फोटो,” तुळसाबाई म्हणाल्या. “फॅक्टरीतली माणसं. बदली झाली का क्वार्टर खाली करून जातात, फोटो राहून जातात. हे काही फेकू देत नाहीत.”

“ते लोक आता कुठं आहेत?”

“कोणी जबलपूर, कोणी कानपूर.”

“मग त्यायले तुमचं दुकान कसं सापडन, काका?”

हिरालाल उठले आणि त्यांनी पेटी खाली काढली.

असा मी जन्मलो. माझ्या पानावर चौदा फोटो लागले. वर एक ओळ, ‘यातला फोटो आपला असेल तर कळवा, पोस्टानं पाठवू.’ खाली निरोप लिहायला चौकट.

तेरा फोटो हिरालालांनी भराभर काढून दिले. चौदावा देताना मात्र ते खुर्चीवर बसले आणि प्रतिक्षाला त्याची हकीकत सांगू लागले.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा तो फोटो. फॅक्टरीतले केवळराम बायकोला आणि आठ महिन्यांच्या अंजूला घेऊन आले होते. बायकोचं नाव रुखमिणी. ऐन वेळेला पोरीनं आईचं मंगळसूत्र तोंडात घातलं आणि रुखमिणी हसली. “भाऊ, दुसरा काढा, माझे सारे दात दिसले असतील,” ती म्हणाली. हिरालालांनी ऐकलं नाही. हाच चांगला आहे, म्हणाले. आठ दिवसांत तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि रुखमिणी गेली.

हिरालाल पाकीट घेऊन दोनदा क्वार्टरवर गेले. पहिल्यांदा ओसरीत पाहुणे बसले होते. दुसऱ्यांदा केवळराम पायरीवर एकटेच होते, मांडीवर पोरगी. “काय हिरालालभाऊ?” त्यांनी विचारलं. “काही नाही, असाच आलो,” म्हणून हिरालाल परत फिरले. दोन महिन्यांनी केवळरामांची बदली इटारसीला झाली.

“मी देऊन टाकला असता तर?” हिरालाल प्रतिक्षाला म्हणाले. “त्या पोरीनं आपल्या मायचं तोंड पाहिलं असतं.”

मग माझं वाट पाहणं सुरू झालं. पहिला पाहुणा चार महिन्यांनी आला, कानपूरहून, आपल्या जुळ्या मुलांच्या फोटोसाठी. हिरालालांनी पाकिटात पुठ्ठा घालून तो पाठवला. पुढे आणखी काही जण आले. धंदा मात्र माझ्यामुळे वाढला नाही. उलट लोकांच्या खिशातच कॅमेरे आले आणि स्टुडिओतला पडदा धूळ खाऊ लागला. प्रतिक्षाचं ते काम सुटलं, लग्न होऊन ती तुमसरला गेली, पण दर एप्रिलला माझी मुदत तीच वाढवून द्यायची.

२०१५ मध्ये इटारसीहून कोणीतरी येऊ लागलं. दर रविवारी सकाळी, फक्त चौदाव्या फोटोवर. पाच मिनिटं थांबायचं, निरोप न लिहिता जायचं.

पानावर कोण कुठल्या गावाहून येतं, याची नोंद प्रतिक्षाला दिसायची; तिनं हे फोनवर सांगितलं. तेव्हापासून हिरालाल रोज चौकट उघडून पाहायचे. तुळसाबाई विचारायच्या, “आलं का जी काही?” ते मान हलवायचे. तीन वर्षं त्यांनी अशी मान हलवली. येणारा माणूस मला दिसत होता, आणि वाट पाहणारा माणूसही. मधे मी होतो, पण मला तोंड नव्हतं.

२०१८ मध्ये त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. माझ्या पानावर नवी ओळ आली, ‘दुकान बंद होत आहे. एप्रिलनंतर हे पान दिसणार नाही. फोटो मागवून घ्यावेत.’

तिसऱ्या दिवशी चौकटीत निरोप पडला.

‘हिरालालभाऊ, चौदावा फोटो माझ्या रुखमिणीचा आहे. पाठवू नका. मी दुसरं लग्न केलं. कौशल्यानं अंजूला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. अंजू तिलाच आपली आई समजते. खरं सांगायचं मला अजून धाडस झालं नाही. घरात हा फोटो ठेवायला जागा नाही. पण तो काढू नका. रविवारी दही आणायला निघतो, तेव्हा रस्त्यात थांबून बघतो. तुम्ही पायरीपाशी आला होता, तेव्हा हातातलं पाकीट मला दिसलं होतं. मीच मागितलं नाही. केवळराम.’

हिरालालांनी वाचलं, मग तुळसाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्यानंतर तुमसरला फोन लावला.

“बाई, एकदम किती वर्षांचं भरता येते?”

“दहा, काका. जास्तीत जास्त.”

“दहाचं भर.”

“अजी, दुकान तर बंद करून राहिलो आपण,” तुळसाबाई म्हणाल्या.

“दुकान जाऊ दे. पत्ता राहू दे.”

ती नवी ओळ पुसली गेली. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. हिरालाल भंडाऱ्याला लेकाकडे, अश्विनकडे राहतात. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून मला उघडत नाहीत.

केवळराम २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत येत राहिले. मग एक रविवार चुकला, दुसरा चुकला, आणि नंतर कोणीच आलं नाही. दहा वर्षांचं भरल्यापासून प्रतिक्षाही नोंदी बघत नाही, त्यामुळे हे फक्त मला ठाऊक आहे. हिरालालांना कसं कळवू?

गेल्या महिन्यात मात्र इटारसीहून पुन्हा कोणीतरी मला उघडलं. मंगळवार होता. चौदावा फोटो मोठा केला, इतका की पडदाभर रुखमिणीचं हसूच राहिलं. किती तरी वेळ तसंच ठेवलं. मग चौकटीत अक्षरं उमटली, ‘ही बाई कोण?’ ती पुसली गेली. पुन्हा उमटली, ‘माझ्या बाबांच्या फोनमध्ये हा पत्ता’. ओळ तिथंच तुटली, निरोप न पाठवताच पान बंद झालं.

ती अंजूच असेल. दुसरं कोण असणार?

पोरी, घाई नाही. कौशल्याबाईंना काय वाटेल, हा विचार तुला पडला असेल, तर तो पडू दे. पण मन झालं की ये आणि ती ओळ पुरी कर. निरोप आला की आता अश्विनचा फोन वाजतो, तो वडिलांना वाचून दाखवील. पाकीट त्यांच्या कपाटात आहे. एप्रिल २०२८ पर्यंत मीही इथंच आहे.