भिंत शाबूत होती का?

मोहबोडीत जमीन हलली की कोणी पळत नाही. पळायचं तरी किती? गावाला खेटून कोळशाची खदान, रोज दुपारी तिचा भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो आणि गाव हलतं. भोंगा झाला की बाया हातातलं काम टाकून घरात शिरतात आणि भांड्यांची मांडणी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहतात. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल. पण मोहबोडीच्या बाईला छपराची भीती वाटत नाही, काचेच्या बरण्यांची वाटते. हादरा थांबला की मांडणी सोडायची आणि तव्यावरची पोळी करपली का ते बघायचं.

त्या दिवशी सकाळचीच वेळ होती, भोंगा झालाच नव्हता. तरी जमीन हलली, आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ हलत राहिली. कय्यूम मिस्त्री अंगणात दात घासत होता. त्याची बायको जमीला तारेवर कपडे वाळत घालत होती. म्हणजे तशी ती वाचलेलीच होती. पण सवयीचं काय करणार? ओली चादर बादलीत टाकून ती धावत आत गेली, मांडणी धरायला. मांडणी ज्या भिंतीला टेकली होती, ती भिंतच आत आली. तो भूकंप होता हे लोकांना मोबाईलवरच्या बातम्यांतून समजलं, पण तोवर जमीलाला माती देऊन मंडळी परतली होती.

कय्यूम रडला नाही. आपण रडायला हवं हे त्याला कळत होतं, पण छातीत काही हलेनाच. शेजारच्या कमलाबाईनं त्याला आपल्या पडवीत खाट टाकून दिली. ती चहा द्यायची, तो प्यायचा. गरम होता की गार, विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

घराचा विमा होता, ही आठवणसुद्धा त्याला मुलीनं करून दिली. तो जमीलानंच काढला होता. मुलगी इकरा लग्न होऊन बल्लारपूरला राहते, तिच्याकडे गेली असताना जमीला बँकेत जाऊन आली. घर हलल्यावर पैसे भेटन का, असं तिनं विचारलं. सुरुंगाचे मिळणार नाहीत, भूकंपाचे मिळतील, असं तिथल्या पोरीनं सांगितलं. "हलणं तं हलणंच आहे ना," असं म्हणून जमीलानं सही ठोकली. गाव पोट धरून हसलं. जमीलाबाई आता भूकंप बोलावून राह्यली, असं लोक चौकात म्हणायचे. कय्यूमही हसला होता.

कारण भिंतीचं वेड तिला आधीपासून होतं. मांडणीमागच्या भिंतीत भेग पडली होती आणि ही भिंत एक दिवस येणार, हे जमीलाचं रोजचं पालुपद. कय्यूम ईदच्या आधी भेगेत सिमेंट भरायचा, वरून चुना मारायचा आणि विषय संपवायचा. साऱ्या तालुक्यात लोकांची घरं बांधत फिरणारा माणूस, पण स्वतःच्या घरासाठी मिस्त्री मिळायची मारामार! तिनं फारच लावून धरलं तर तो चारचौघांत म्हणायचा, हिला वहम आहे, येडी आहे ही.

नुकसान बघायला विमा कंपनीचा माणूस आला, प्रफुल नावाचा तरणा पोरगा. तो यायच्या आधी इकरानं बापाला समोर बसवून पढवलं होतं. "अब्बा, एकच सांगायचं. भिंत चांगली होती. पैसे आले की आमच्या मागच्या जागेत तुमच्यासाठी खोली बांधू. कमलामावशीच्या पडवीत किती दिवस राहाल?" कय्यूमनं मान हलवली होती.

प्रफुलनं ढिगाऱ्याचे फोटो काढले, विटा उलटवून पाहिल्या आणि पडवीत येऊन बसला. पोरगा भला होता.

"चाचा, भिंतीला जुनी भेग असेल तर कंपनी म्हणेल, ती पडणारच होती, भूकंपाचा काय संबंध? पण वर चुन्याचे थर आहेत, मला तर काही दिसलं नाही. तुम्ही सांगाल ते लिहितो. भूकंपाआधी भिंत शाबूत होती ना?"

"होती जी!" कमलाबाईच आधी बोलली. "एकदम मजबूत. हो म्हणा ना, कय्यूमभाऊ."

कय्यूमनं तोंड उघडलं. 'हो' अगदी ओठांवर होता.

"भेग होती," तो म्हणाला.

"अब्बा!"

"होती, बेटा. तू शाळेत जात होती तवापासून होती. तुही अम्मी रोज सांगे, भिंत येईन म्हणून. मी तिले चार लोकांत येडी म्हणो." त्याचा आवाज चढला नाही की कापलाही नाही. "आता मी शाबूत म्हटलं, तं ते येडीच राहीन ना?"

प्रफुलनं पेन खाली ठेवलं. "चाचा, हे लिहिलं तर काहीच मिळणार नाही. विचार करा."

"लिहा."

इकरा उठून अंगणात गेली. तिचा हुंदका आत ऐकू आला, तरी कय्यूम जागचा हलला नाही. प्रफुल लिहीत होता आणि कय्यूम त्याच्या हाताकडे बघत होता.

"काय लिहिलं, वाचून दाखवा."

प्रफुलनं वाचलं, "भिंतीला जुनी भेग होती. भिंत पडेल असं घरमालकाच्या पत्नीनं वेळोवेळी सांगितलं होतं."

"तिचं नाव टाका."

प्रफुलनं 'पत्नीनं' खोडून 'पत्नी जमीलानं' लिहिलं. कय्यूमनं त्याला ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं वाचायला सांगितलं.