सिग्नीची मधाची बीअर

मी विरजण बोलतोय. दह्याचं नव्हे हो, बीअरचं! तुम्ही शेजारणीकडून वाटीभर विरजण आणता ना, तसंच आमच्या नॉर्वेच्या डोंगरात लोक मला या घरातून त्या घरात नेतात. लाकडाच्या तुकड्यांची एक माळ असते. बीअर झाली की ती फेसात बुडवायची आणि चुलीच्या वर वाळत टांगायची. तिच्या खाचाखाचांत मी झोपून राहतो. कोमट गोड पाणी मिळालं की जागा होतो आणि खायला लागतो. खाणं हाच माझा धर्म, त्यात लाज कसली?

माझा जन्म कधीचा, कुणालाच ठाऊक नाही. आमचा मालक एइविंद, त्याच्या आजोबांच्या आधीपासून मी या घरात आहे. एइविंदच्या हाताला चव आहे, पण तोंड मात्र महाफटकळ. यंदा हिवाळ्याच्या तोंडावर म्हाताऱ्याचा खांदा धरला. तांब्याचं मोठं भांडं काही उचलवेना. तेव्हा तो लेकीला म्हणाला, "सिग्नी, नाताळची बीअर तू कर. जमली तर भांडं नि विरजण तुझं. नाही जमली तर दोन्ही बोटोल्फला देऊन टाकतो. तो कधीचा टपून बसलाय."

बोटोल्फ म्हणजे पलीकडच्या शेतावरचा शेजारी. माणूस हसतमुख, पण त्याच्या घरातलं विरजण गेल्या साली उंदरांनी फस्त केलं होतं. ऐकूनच मला कापरं भरलं.

सिग्नी मधमाश्या पाळते. माळरानावरच्या जांभळ्या फुलांचा दाट, तांबूस मध तिच्या घरात भरलेला असतो. ती म्हणाली, "बाबा, करायची तर मी मधाची बीअर करणार."

"मध पावाला लावायचा असतो! बीअरमध्ये घालणं म्हणजे गाईला लोणी चारणं."

"आधी एकदा करून तर बघते."

आणि तिने केली. मोड आणून वाळवलेले जव भिजवले, त्यांचं गोड पाणी गाळून भांड्यात चढवलं आणि खळखळा उकळत असतानाच मधाचा अख्खा डबा त्यात उपडा केला. घरभर असा घमघमाट सुटला म्हणता! पोरगी खूश. अगं बाई, वास घरात पसरला म्हणजे भांड्यातून गेला ना! पण मी पडलो माळेवर झोपलेला, सांगणार कसा?

पाणी कोमट झालं, तिने मला त्यात सोडलं. आमच्याकडे विरजण घालताना जोरात आरोळी ठोकायची पद्धत आहे. भुतंखेतं पळतात आणि बीअर कडक होते म्हणे. सिग्नी कशीबशी ओरडली.

"ही काय ओरड? उंदीर बघितलास का?" म्हातारा म्हणाला. सिग्नीसुद्धा हसायला लागली.

मी मात्र कामाला लागलो होतो. मध! इतका सोपा, इतका मऊ घास मला आयुष्यात मिळाला नव्हता. थेंबसुद्धा शिल्लक ठेवला नाही.

चाखायला बोटोल्फ आला. एक घोट घेऊन त्याने ओठ आवळले. बीअर कडक होती, पण नुसती कोरडी. गोडी नाही, मधाचा वास नाही.

"सिग्नी, तुझ्या माश्या मध परत घेऊन गेल्या वाटतं!"

"शितावरून भाताची परीक्षा," एइविंद म्हणाला. "ने रे भांडं."

"बाबा, नाताळ अजून आलेला नाही," सिग्नी म्हणाली. आणि भांड्याचा कान तिने सोडला नाही. त्या क्षणी मला पोरीचा फार अभिमान वाटला.

मग ती विचार करत बसली. पाव भाजताना तिने करपूस कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि थांबली. मध नसतानाही गोड! "बाबा, हे विरजण साधी साखर सगळी खाऊन टाकतं. भाजलेली गोडी त्याला पचत नसेल तर?"

"नसेलही," म्हातारा पुटपुटला. खरंच नाही हो पचत! कसं ओळखलंन कोण जाणे.

मग तिने थोडे जव ओले करून, झाकून, भट्टीच्या उबेत ठेवले आणि नंतर तांबूस होईपर्यंत भाजले. त्यांनाच मधासारखा वास आला. ते बाकीच्या जवांत मिसळले. उकळीत मधाचा वास उडतो हेही तिच्या ध्यानात आलं होतं, म्हणून मध या वेळी उकळीत घातलाच नाही. मला सोडताना मात्र अशी आरोळी ठोकली, की बोटोल्फची कुत्री भुंकायला लागली. मी पोटभर जेवून फेस खाली बसवला, तेव्हा कुठे तिने मध ओतला, तोही बेताने. मी गोडी खाल्लीच, सवय जाते का? पण वास कुठे उडून जाणार? तो राहिला.

नाताळच्या आधी शेजारीपाजारी न बोलावता चाखायला जमले. आमच्याकडे तोंडावर कौतुक करत नाहीत. बीअर वाईट असली की लोकांना घरची कामं आठवतात. त्या दिवशी कुणालाच काम आठवेना. बोटोल्फने पेल्यात नाक खुपसलं, प्यायला, पुन्हा पेला पुढे केला. एइविंद घोट घोट घेत बसला होता. सिग्नी पदर नसलेली बाई, ती ओचा धरावा तसा एप्रन मुठीत धरून उभी होती.

शेवटी बोटोल्फ खाकरला. "एइविंद, भांडं राहू दे तुझ्याकडे. बाटलीभर विरजण तेवढं देशील का?"

दुसऱ्याचं विरजण मागणं, याहून मोठी दाद आमच्या डोंगरात नाही.

"मला काय विचारतोस?" म्हातारा म्हणाला. "विरजण तिचं आहे. तिच्याकडे माग."

सिग्नीने एप्रन डोळ्यांना लावला आणि बाटली आणायला आत पळाली.

आता मी थोडा बोटोल्फच्या घरी आहे, थोडा इथे माळेवर वाळतोय. डोळे मिटायला लागलेत, तेव्हा रजा घेतो. एकच मागणं आहे. लेकीची पहिली बीअर फसली म्हणून भांडं लगेच शेजाऱ्याला देऊ नका. तिला मला पुन्हा एकदा उठवू द्या. मला भूक असतेच.