तांब्याची गोळी

अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात हरीण नि एल्क या थोराड सांबराच्या शिकारीला आलेली मार्लिस शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरायची, म्हणून तिचा थोरला भाऊ ऑरिन तिची रोज टर उडवायचा. "अगं, परवा तुझं हरीण गोळी खाऊन दोनशे पावलं पळालं. माझं जागीच कोसळलं. एल्क तर हरणाच्या चौपट. तो काय ऐकतोय तुझं!"

"तुझी गोळी फुटून हरणाचा अख्खा खांदा शिशाच्या विषारी कणांनी वाया गेला, ते सांग की," मार्लिस उसळली. "माझी पोरं तसलं मांस खाणार नाहीत. माझी गोळी मीच ठरवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एक दांडगा एल्क तिरका उभा दिसला. तिने श्वास रोखून चाप ओढला. एल्क तीस पावलं चालला आणि खाली बसला, तो उठलाच नाही.

सोलताना पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली. खांद्याचं हाड फोडून, दोन्ही फुप्फुसं भेदून ती तिथवर पोचली होती. गोळीचं तोंड फुलासारखं उमललं होतं, पण टवकाही उडाला नव्हता.

ऑरिनने ती बोटांत फिरवून पाहिली. "नशीब तुझं," तो पुटपुटला.

"नशीब म्हण, नाहीतर काहीही म्हण. पुढच्या वर्षीही हरणाला नि एल्कला हीच गोळी. हरीण पळालं, तर जाईन मी त्याच्या मागे चालत. आता तो पाय धर, उभा काय राहिलास!"