आस्ताच्या मशीनचं माप

आस्ताचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता. डेन्मार्कमधल्या हॉर्सन्स गावी तिच्या घरात केकवर कागदी झेंडे टोचून झाले होते आणि थोरली लेक बोडिल आतल्या खोलीत आईच्या शिलाई मशीनखाली भेटवस्तूवरून सोडवलेला कागद उलटा करून सरकवत होती.

तशी या घरात मरणाची व्यवस्था चोख होती. दिवा, घड्याळ, खुर्ची, काहीही उलटं करा, ते पुढं कुणाला जायचं त्याचं नाव आस्तानं खाली चिकटवलेलं. मशीन तेवढं कोरं. बोडिलनं ते दोनदा उचलून पाहिलं होतं. पाठीत उसण भरली, नाव काही सापडलं नाही. ते धाकट्या इंगेलिसला गेलं असतं, तर बोडिलनं आईचा शोक रीतसर पाळला असता, पण बहिणीशी पुन्हा बोलली नसती. इंगेलिसला साधी काजं जमत नाहीत.

म्हणून बोडिलनं मशीनभोवती नेमकं बसणारं जोडटेबल करून घ्यायचं ठरवलं. मोठी गोधडी शिवताना कापड घसरत नाही, हे खरंच. पण ज्याचं टेबल त्याचं मशीन, हे कुठल्याही सभ्य कुटुंबाला मान्य करावंच लागतं.

उंची घेऊन झाली. ती पेन्सिलीनं कड गिरवत होती, तेवढ्यात दारात आई उभी. हातात केकची बशी.

बोडिलनं सांगितलं, की ती धूळ पुसतेय.

"पेन्सिलीनं?" आस्ता खुर्चीत टेकली. "मग उभी धर. तिरकी धरलीस की माप फुगतं. आणि मशीनला पुढं जोडलेली ती बॉबिनची पेटी आधी सरकवून काढ. इंगेलिसनं ईस्टरला तशीच ठेवून माप घेतलं. तिचं टेबल बसलंच नाही. आता त्यावर तिचं मांजर झोपतं."

बोडिलला बहिणीविषयी एकदम माया वाटली. तिनं पेटी काढली, पेन्सिल उभी धरली. एक कोपरा आईनं पुन्हा काढायला लावला. मग बोडिलनं सहज विचारावं तसं विचारलं, की आता नाव कुणाचं लावणार.

आस्तानं झेंड्याच्या काडीवरचं क्रीम चाटलं.

"टेबल इथंच मागव. हल्ली माझंही कापड फार घसरतं. आणि पाय भक्कम सांग. मला बरीच वर्षं वापरायचंय."

बोडिलनं कागदाच्या कोपऱ्यात आईचा पत्ता लिहिला. खाली लिहिलं: पाय भक्कम.