लिहून दे, मग येते

गुरुवार होता, म्हणून नोमागुगु सकाळपासून सासूच्या लाल ब्लाउजला इस्त्री करत होती. वीज पहाटेच गेलेली. लोखंडी इस्त्री कोळशाच्या चुलीवर तापवायची, ओल्या फडक्यावर टेकवून चुर्र आवाज ऐकायचा आणि मग कॉलरवर फिरवायची. कॉलर ताठच हवी. ओसिझ्वेनीच्या वस्तीत दर गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना भरे. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी, छातीवर चर्चची पिन. त्यात सासू पुढच्या बाकावर बसे. सगळी वस्ती तिला गोगो, म्हणजे आजी, म्हणत असे आणि तिला वचकून असे.

"पेज निवतेय, गोगो."

"निवू दे. कामावर जाणारीची पेज निवते. घरात बसणारीची कधी निवते का?"

हा टोमणा रोजचा झाला होता. नोमागुगुने इस्त्री पुन्हा चुलीवर ठेवली.

अकरा वर्षं ती शहरातल्या कपडे शिवायच्या एका शेडमध्ये कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसली होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मालकाने शेड बंद झाल्याचं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी शेड उघडली. छप्पर तेच, मशिनी त्याच, मालकही तोच. दारावरची पाटी तेवढी नवी. भरती मात्र आता मुकादम करू लागला. पगार कायद्याने ठरवलेल्या किमान पगाराच्या कितीतरी खाली. वहीत कामगाराचं नाव नाही. नाव नाही म्हणून बेकारी निधीत भरणा नाही, आणि भरणा नाही म्हणून पुढच्या वेळी शेड 'बंद' पडली की बाई रस्त्यावर. गावात ही रीतच पडून गेली आहे. एकदा रीत म्हटलं की चोरीलाही सोवळं नेसवता येतं.

नोमागुगुला सध्या त्या निधीतून दरमहा पैसे मिळत होते. ते कुणी दान दिले नव्हते. अकरा वर्षं तिच्या पगारातून त्यासाठी वाटा कापला गेला होता. दफनाची भिशी भरणाऱ्या बाईच्या घरी मयत झालं की भिशी तिच्या हातात पैसे ठेवते. तेव्हा तिला भिकारी म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. पण नोकरी मेली आणि बाईने आपलीच भिशी उचलली, की ती आळशी! हा न्याय कुणी केला? ज्याला स्वस्तात कामाला बाई हवी होती, त्याने. आणि आपण माना डोलावल्या.

शिवाय ती बसूनही नव्हती. इस्पितळाची धुलाई, शाळेचं स्वयंपाकघर, सरकारी गोदाम, सगळीकडे तिचे अर्ज पडले होते. चपलांचे तळ झिजले होते. पण झिजलेले तळ वस्तीला दिसत नाहीत. सकाळी दारात उभी असलेली बाई दिसते.

बाहेर भोंगा वाजला. मुकादम वेलेन्कोसीची पिकअप गाडी दाराशी थांबली होती. पोरगा याच गल्लीत वाढलेला, आता चकचकीत बूट घालणारा.

"सिसी नोमागुगु, अगं ताई! तुझं मशीन रडतंय गं तुझ्यासाठी. एका पोरीला बसवली, तर तिनं सुई बोटातून आरपार घातली."

"पगार सांग."

"आल्या आल्या पगार! लग्न ठरतंय का इथं, किती गाई देणार विचारायला?"

"लग्नात तरी गाई चार माणसांसमोर ठरतात, वेले. तू गाडीत बसवल्यावर ठरवतोस."

त्याचं हसू आटलं. "सरकारचं फुकटचं गोड लागलंय तुला. ठीक आहे. कामगार कचेरीत कळवतो, की ही बाई मिळालेलं काम नाकारते. मग बघू, चुलीवर काय ठेवतेस ते."

धमकी पोकळ नव्हती. योग्य काम चालून आलं आणि विनाकारण नाकारलं, तर निधीचे पैसे थांबतात, हा नियम नोमागुगुलाही ठाऊक होता. अजून पाच महिन्यांचे पैसे यायचे होते. तेवढ्यात नीट नोकरी लागली तर घर तरणार होतं. पैसे आजच थांबले, तर तिला डोळे मिटून याच गाडीत चढावं लागणार होतं.

गोगोने आतून सगळं ऐकलं होतं. "चौतीस वर्षं मी शहरात बाईसाहेबांच्या घरी भांडी घासली," ती ब्लाउजची बटणं लावत म्हणाली. "ताप असला तरी गेले. हात पसरला नाही कुणापुढं." ते काम कसं सुटलं, हे मात्र ती कधी सांगत नसे.

"मीपण हात पसरला नाही, गोगो. माझं आहे तेच मागतेय."

"लोक काय म्हणतात ते मला ऐकावं लागतं. पुढच्या बाकावर मी बसते, तू नाही."

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये गाणं संपलं आणि उपदेशकाच्या बायकोऐवजी वेलेन्कोसी उठला. मागच्या वर्षी त्याने छपराचे बारा पत्रे दिले होते. बारा पत्र्यांत त्याला व्यासपीठ मिळालं होतं.

"आयांनो," तो म्हणाला, "तीस मशिनी रिकाम्या आहेत. कापड पडून आहे. आणि आपल्या बायका घरी बसून सरकारला खातायत. काम न करणाऱ्यानं खाऊ नये, हे शास्त्रात आहे की नाही?"

"आहे!" दोन-चार आवाज आले.

"मग अशा बाईच्या छातीवर ही पिन शोभते का? गोगो, तुम्हीच सांगा. आधी घरापासून सुरुवात करा."

सगळ्या टोप्या वळल्या. गोगोचं तोंड कॉलरइतकं ताठ झालं. नोमागुगु मधल्या बाकावर होती, छातीवर तीच पिन लावून. ती उभी राहिली.

"मी येते कामावर," ती म्हणाली. "उद्याच येते. माझ्या मशीनच्या पेडलला मी निळी चिंधी बांधलीय, तीसुद्धा आठवते मला. फक्त एवढं लिहून दे. कुठली शेड, मालक कोण, पगार किती, माझं नाव. खाली तुझी सही."

"चर्चमध्ये कागद मागतेस? माणसाचा शब्द पुरत नाही तुला?"

"शास्त्र तू काढलंस. दहा आज्ञा देवानंसुद्धा दगडावर लिहून दिल्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. वेलेन्कोसी भडकला. "गोगो, सुनेला आवरा!"

गोगो उठली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. प्रार्थनेच्या हजेरीच्या वहीतलं मधलं पान तिने टर्रकन फाडलं आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"लिही, पोरा."

"गोगो, तुम्हीपण?"

"तुझं नाक मी या हातानं पुसलंय, म्हणून सांगते. चौतीस वर्षांनी बाईसाहेबांनी मला एक कागद दिला. म्हणाल्या, अंगठा कर, पगार मिळाल्याचा आहे. मी केला. नंतर कळलं, त्यावर लिहिलं होतं, मी माझ्या मर्जीनं काम सोडलं. मर्जीनं सोडणारीला निधी काही देत नाही. कचेरीतून मी रिकाम्या हातानं चालत घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं, मला कुणाचं काही नको होतं." तिने पान त्याच्या आणखी जवळ सरकवलं. "लाज माझी नव्हती. पंधरा वर्षं मी ती उगाच वाहिली, आणि आज सकाळी सुनेच्या डोक्यावर ठेवत होते. कागदाची ताकद तुझ्या मालकाला ठाऊक आहे, म्हणूनच तो लिहीत नाही. लिही."

"माझ्याकडं पेन नाही," वेलेन्कोसी म्हणाला.

एक पेन पुढे आलं. मग दुसरं. मग हिशेब लिहिणाऱ्या बाईची पेन्सिल, शाळेतल्या बाईंचं लाल पेन. टेबलावर सात-आठ पेनं जमली. त्यातलं एकही मुकादमाने उचललं नाही. तो टोपी उचलून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप कोपऱ्यावर आली, तेव्हा अकरा जणी रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात कोरा कागद. "लिहून दे, मग येते." तो भोंगा वाजवत राहिला. तिघी गाडीत चढल्या. एकीचं बाळ पाठीवर होतं. त्यांना नावं ठेवणाऱ्याने आधी त्यांच्या घरातला पिठाचा डबा उघडून यावं. आठ जणी उभ्याच राहिल्या.

वेलेन्कोसीने शब्द पाळला. तेवढा एकच पाळला. दहा दिवसांनी नोमागुगुला कामगार कचेरीतून बोलावणं आलं: काम नाकारल्याची तक्रार आहे, खुलासा करा. ती गेली. बरोबर गोगो होती, गुरुवार नसताना लाल ब्लाउज घालून.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, "काम मिळत होतं, हे खरं?"

"खरं."

"मग?"

नोमागुगुने हजेरीच्या वहीतलं ते पान आत सरकवलं. त्याने ते पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं.

"यावर तर काहीच नाही, बाई."

"हेच काम मला देऊ केलं होतं, साहेब. यात पगार किती दिसतो? मालक दिसतो? मी दिसते?"

"माझ्यासमोर मागितलं होतं," गोगो म्हणाली. "साक्ष लिहून घ्या. आणि वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा करणार नाही."

कारकुनाने साक्ष लिहिली. मोठ्याने वाचली. एके ठिकाणी गोगोने त्याला थांबवून शब्द बदलायला लावला, मग अंगठा उठवला. त्याने साक्षीला ते कोरं पान टाचलं, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाला, "पैसे चालू राहतील. शेडचं नाव सांगा आता. जुनं आणि नवं, दोन्ही."

नोमागुगुने दोन्ही सांगितली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही ओळखीत अशी कुणीतरी असेल, जिला तुम्ही परवाच म्हणालात, 'काम मिळतंय तर जात का नाही?' तिला तो प्रश्न पुन्हा विचारायच्या आधी काम देणाऱ्याच्या घरी जा. त्याच्यासमोर एक कागद ठेवा, एक पेन ठेवा. आणि तो काय करतो, ते उभे राहून बघा.